सागाचा रेणु आणि गणिताची वाट

चांद्याकडील एखाद्या जुन्या वाड्यांत आढ्याकडे दृष्टि टाकावी, तर पिढ्यान्‌पिढ्यांचा धूर खाऊन काळ्या पडलेल्या सागवानी तुळया आजही जशाच्या तशा बसलेल्या दिसतात. त्याच वाड्यांत कोणीं काटकसर म्हणून एखाद्या चौकटीला हलकें लांकूड वापरलेलें असेल, तर वाळवीनें त्याचा केव्हांच भुगा केलेला असतो. सुताराला हें ठाऊक असतें, घरधन्याला ठाऊक असतें, आणि आलापल्ली-सिरोंचाकडील रानांत ज्यांचा जन्म गेला त्यांना तर तें कोणीं शिकवावें लागत नाहीं.

रसायनशास्त्रज्ञ मात्र येथें थांबून विचारतो कीं, वाळवी सागाला कां टाकून देते? प्रश्न लहानसा दिसतो. परंतु त्याचा पाठलाग करीत गेलें असतां माणूस कोठच्या कोठें जाऊन पोंचतो, हें प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे. अशाच प्रश्नांमागें गेलेले कांहीं रसायनशास्त्रज्ञ आज कांचपात्रें बाजूला ठेवून क्वांटम संगणकासाठीं गणिताच्या रीती रचीत बसलेले आहेत. त्यांनीं आपलें शास्त्र सोडून दिलें, असें पुष्कळांना वाटतें. आमच्या मतें त्यांनीं शास्त्र सोडलेलें नाहीं. ज्या वाटेवर त्यांच्या शास्त्रानेंच त्यांना आणून सोडलें, ती वाट त्यांनीं शेवटपर्यंत चालावयाची ठरविली, इतकेंच. आणि या वाटेचा एक महत्त्वाचा तुकडा आपल्या महाराष्ट्रांतून गेलेला आहे.

सागाच्या प्रश्नाचें पहिलें उत्तर जुन्या पद्धतीच्या रसायनानें दिलें. लांकडाचा भुसा करावा, तो द्रावकांत भिजत घालावा, अर्क आटवून स्फटिक पाडावे आणि एकेक द्रव्य वेगळें काढून त्याची परीक्षा करावी, अशी ती रीत. तिच्या योगानें सागाच्या गाभ्यांत जीं अनेक द्रव्यें सांपडलीं, त्यांतील एकाला झाडाच्या ‘टेक्टोना ग्रँडिस’ या शास्त्रीय नांवावरून ‘टेक्टोक्विनोन’ असें नांव मिळालें. वाळवीला दूर ठेवणाऱ्या द्रव्यांत त्याची गणना होते. त्याच्या एका रेणूंत कार्बनचे 15, हायड्रोजनचे 10 आणि ऑक्सिजनचे 2 अणु असतात. एवढें समजलें म्हणजे व्यवहारी माणसाचें समाधान होतें. परंतु जिज्ञासूचें होत नाहीं. हेच 27 अणु याच मांडणींत बसले म्हणजे त्यांना हा गुण कां यावा? एखादा अणु काढून त्या जागीं दुसरा बसविला, तर तो गुण वाढेल कीं नाहींसा होईल? आणि हें सर्व, द्रव्य प्रत्यक्ष तयार करण्यापूर्वींच, कागदावर सांगतां येईल काय?

येथें कांचपात्राची सत्ता संपते. रेणूचा स्वभाव त्यांतील इलेक्ट्रॉन कसे पसरलेले आहेत यावर ठरतो, आणि इलेक्ट्रॉनांचें वर्तन जाणावयाचें तर पुंजसिद्धांतालाच शरण जावें लागतें. 1926 सालीं श्रोडिंगर यानें आपलें प्रसिद्ध समीकरण मांडलें. पुढच्याच वर्षीं हाइटलर व लंडन या दोघांनीं, हायड्रोजनचे दोन अणु एकमेकांस कां धरून ठेवतात, हें त्या समीकरणावरून दाखविलें. आणि रसायनांतील ‘बंध’ या शब्दाला प्रथमच पदार्थविज्ञानाचा आधार मिळाला. 1929 सालीं डिरॅक यानें असा निर्वाळा दिला कीं, साऱ्या रसायनशास्त्राच्या मुळाशीं असलेले नियम आतां पूर्णपणें हातीं आले आहेत. अडचण एवढीच कीं, त्यांतून निघणारीं समीकरणें सुटण्यासारखीं नाहींत. डिरॅकचें हें म्हणणें वारंवार सांगितलें जातें. परंतु त्यास जोडूनच, फारशी आंकडेमोड न करतां चालतील अशा व्यवहार्य अदमासी रीती शोधल्या पाहिजेत, असेंही त्यानें म्हटलें होतें, याचें स्मरण फार थोड्यांना असतें. रसायनशास्त्रज्ञांच्या पुढच्या तीन-चार पिढ्या या दुसऱ्या वाक्याच्या पालनांतच खर्चीं पडल्या.

‘सुटण्यासारखीं नाहींत’ म्हणजे काय, तें आपल्या सागाच्याच रेणूवरून पाहूं. टेक्टोक्विनोनच्या एका रेणूंत 116 इलेक्ट्रॉन असतात. अगदीं काटकसरीचा हिशेब धरला, तरी त्यांना बसण्यासाठीं 190 घरें कल्पावीं लागतात. प्रत्येक घर भरलेलें किंवा रिकामें, असे दोनच पर्याय. परंतु 116 इलेक्ट्रॉन 190 घरांत किती प्रकारांनीं बसूं शकतील हें मोजूं गेलें, तर एकावर पन्नास शून्यें देऊन होणाऱ्या संख्येहूनही मोठी संख्या येते. बुद्धिबळाच्या पटावर दर घरास दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर पुरुषाची गोष्ट वाचकांना ठाऊकच आहे. ती गोष्ट 64 घरांवर थांबते, आणि तेवढ्यानेंच राजाचीं कोठारें रितीं होतात. येथें घरें 190 आहेत. शिवाय रेणु यांतील एकच प्रकार निवडून स्वस्थ बसत नाहीं. हे सर्व प्रकार कमी-अधिक प्रमाणांत एकाच वेळीं त्याच्या स्थितींत मिसळलेले असतात, असें पुंजसिद्धांत सांगतो. म्हणून संपूर्ण अचूक हिशेब पाहिजे असेल, तर जगांतील सर्व संगणक एकत्र केले तरी ते पुरे पडणार नाहींत.

सुदैवानें सागाच्या रेणूसारख्या पुष्कळ रेणूंचें काम अदमासानें उत्तम भागतें. प्रत्येक इलेक्ट्रॉनाला इतरांची सरासरी छाया तेवढी जाणवते असें मानून हिशेब करावा, आणि मग त्यांत दुरुस्त्या कराव्या, हा त्यांतील एक राजमार्ग. दुसरा मार्ग असा कीं, एकेका इलेक्ट्रॉनाचा माग सोडून केवळ त्यांच्या दाटीचा, म्हणजे घनतेचा, विचार करावा. या दुसऱ्या मार्गाचा पाया 1964-65 मध्यें वाल्टर कोन व त्याचे सहकारी यांनीं घातला. 1998 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक कोन आणि जॉन पोपल यांना मिळालें. त्यांपैकीं कोन हा पदार्थविज्ञानाचा, तर पोपल हा गणिताचा विद्यार्थी होता. रसायनाची सीमा तेव्हांच पुसट झाली होती.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन पंडित नेहरू यांच्या हस्तें 3 जानेवारी 1950 रोजीं झालें, आणि रसायनसंशोधनाला महाराष्ट्रांत एक भक्कम घर मिळालें. पुढें याच शहरांत, पुणें विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागांत, डॉ. श्रीधर रामचंद्र गद्रे यांनीं जें कार्य केलें, तें आमच्या विषयाच्या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. 1979 सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट पार यांच्यासमवेत त्यांनीं घनतेच्या मार्गावर निबंध प्रसिद्ध केला. 1984 सालीं त्यांनीं अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या पसरणीला ‘माहिती’चें माप लावून दाखविलें, तारायंत्र-दूरध्वनीच्या शास्त्रांतून निघालेली ही मोजपट्टी त्यांनीं अणूला लावली. 1990 च्या सुमारास राजीव पाठक यांच्यासह त्यांनीं एक सुंदर सिद्धांत मांडला. रेणूभोवतालच्या विद्युत्-विभवाचा एक डोंगराळ मुलूख कल्पिला, तर त्यांत दऱ्या असतील, खिंडी असतील. परंतु अणुकेंद्रांवांचून दुसऱ्या कोणत्याही ठिकाणीं शिखर असूं शकत नाहीं, असा त्याचा आशय. 1993 सालीं त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळालें.

त्यांच्या कार्याचा दुसरा भाग यंत्राशीं निगडित आहे. अमेरिकेनें हव्या त्या शक्तीचा महासंगणक देण्याचें नाकारल्यावर 1988 मध्यें पुण्यास ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली, आणि 1991 मध्यें तिनें ‘परम 8000’ हा महासंगणक तयार केला. या उद्योगाचे धुरीण डॉ. विजय भटकर हे वऱ्हाडांतील अकोला जिल्ह्याच्या मुरंबा गांवचे. त्यांचें अभियांत्रिकी शिक्षण नागपुरास झालें. ‘परम’ची युक्ति अशी कीं, एकच प्रचंड यंत्र न बांधतां अनेक लहान यंत्रें एकत्र जुंपावीं. परंतु दहा बैल एका गाड्याला जुंपले म्हणजे गाडा दसपट वेगानें धांवतोच असें नाहीं. कामाची वांटणी करण्याची कला वेगळी असते. गद्रे व त्यांचे विद्यार्थी यांनीं रेणूंचे हिशेब अशा समांतर यंत्रांवर चालतील या बेतानें नव्यानें रचले. रसायनशास्त्रज्ञ गणनरीतीचा कारागीर बनला तो येथें, आपल्या डोळ्यांसमोर.

त्यांतूनच 1994 मध्यें ‘रेणूंच्या शिंपीकामा’ची रीत पुढें आली. ती आमच्याकडील वनखात्याच्या माणसाला चटकन् समजेल. आलापल्लीचें सबंध रान कोणालाही एकदम मोजतां येत नाहीं. त्याचे कूप पाडावे लागतात. समजा, शेजारच्या दोन कुपांची मोजणी दोन वनरक्षकांकडे दिली, आणि सीमेवरची झाडें कोणाकडूनही सुटूं नयेत म्हणून मधला पट्टा दोघांनींही मोजला. मग दोघांच्या बेरजेंतून त्या पट्ट्यांतील झाडें एकदां वजा केलीं म्हणजे हिशेब बिनचूक होतो. गद्रे यांनीं मोठ्या रेणूचे असेच एकमेकांवर अंशतः पडणारे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याचा हिशेब वेगळा केला, आणि दोनदां मोजला गेलेला भाग वजा करून सबंध रेणूचें चित्र शिवून काढलें. पट्टा मुद्दाम दुहेरी ठेवण्याचें कारण असें कीं, कापलेल्या कडेवरील अणूला त्याचा खरा शेजार लाभत नाहीं, आणि शेजार बदलला कीं अणूचा स्वभाव बदलतो. रूढ रीतींत रेणु दुप्पट झाला तर काम सोळापटींपर्यंत वाढतें. या रीतींत तें जवळजवळ तुकड्यांच्या संख्येच्याच प्रमाणांत वाढतें. थोडक्या साधनांच्या देशानें बुद्धीनें काढलेली ही वाट आहे.

याच सुमारास आणखी एक बीज रुजत होतें. कलकत्त्याचे देबाशीष मुखर्जी आणि त्यांचे शिष्य सौरव पाल व एम. डी. प्रसाद यांनीं 1980 नंतरच्या वर्षांत इलेक्ट्रॉनांच्या परस्परसंबंधांचा हिशेब करण्याच्या निरनिराळ्या रीतींचा तौलनिक अभ्यास केला. पाल यांनीं पुढें आपलें बहुतेक आयुष्य पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत घालविलें, आणि 2010 ते 2015 या काळांत ते तिचे संचालक होते. त्या अभ्यासांतील एका रीतीचें नांव ‘युनिटरी कपल्ड क्लस्टर’. तिचा विशेष असा कीं, इलेक्ट्रॉन या घरांतून त्या घरांत कितीही हलविले, तरी सर्व शक्यतांची बेरीज कांटेकोर एकच राहते. रीत तत्त्वतः देखणी. परंतु साध्या संगणकावर तिची मालिका कोठें संपतच नाहीं, आणि म्हणून ती व्यवहाराला जड पडे. अनेक वर्षें ती तज्ज्ञांच्या दप्तरांतच राहिली.

तिकडे 1981 मध्यें रिचर्ड फाइनमन यानें एका व्याख्यानांत मूळ अडचणच उलटी करून मांडली. सृष्टि जर पुंजनियमांनीं चालते, तर तिचा हिशेब करणारें यंत्रही त्याच नियमांनीं चालणारें कां नसावें? साध्या संगणकाचा घटक शून्य किंवा एक एवढेंच जाणतो. अशा नव्या यंत्राचा घटक, ज्याला ‘क्यूबिट’ म्हणतात, दोन्ही स्थितींचें मिश्रण धारण करूं शकतो. मग आमच्या सागाच्या 190 घरांना 190 क्यूबिट दिले, कीं त्या अगणित प्रकारांचें मिश्रण त्यांत आपोआप मावतें.

परंतु मावलें म्हणजे वाचतां आलें असें नव्हे. क्यूबिट पाहावयास जावें, तर त्या साऱ्या मिश्रणांतून एकच प्रकार हातीं लागतो आणि बाकीचे नाहींसे होतात. म्हणून येथेंही कलाच लागते. चंद्रपूरच्या रामाळा तलावांत दोन खडे एकदम टाकले, तर त्यांच्या लाटा कोठें एकमेकींना चढवितात आणि कोठें जिरवितात. क्वांटम यंत्रासाठीं रीत रचणें म्हणजे चुकीच्या उत्तरांच्या लाटा जिरतील आणि बरोबर उत्तराच्या लाटा उंचावतील अशी खड्यांची मांडणी करणें होय. पीटर शोर यानें 1994 सालीं मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यासाठीं, आणि दिल्लीच्या आय.आय.टी.मध्यें शिकलेल्या लव ग्रोवर यानें 1996 सालीं शोध घेण्यासाठीं अशा रीती रचून दाखविल्या.

रसायनाला ही कला लावणारा रसायनाचाच माणूस निघाला. मेक्सिकोमध्यें रसायन शिकलेल्या आलान आस्पुरू-गुझिक यानें बर्कले येथील सहकाऱ्यांसह 2005 सालीं, पाणी व लिथियम हायड्राइड यांच्या रेणूंची ऊर्जा क्वांटम संगणक कशी काढील, तें साध्या संगणकावर त्याची नक्कल करून दाखविलें. 2010 सालीं केवळ दोन प्रकाशकणांच्या साहाय्यानें हायड्रोजनच्या रेणूची ऊर्जा प्रत्यक्ष काढण्यांत आली. 2014 सालीं ब्रिस्टल येथील प्रयोगांत कामाची नवी वांटणी झाली: क्वांटम यंत्रानें इलेक्ट्रॉनांची स्थिति घडवावी, साध्या संगणकानें ती सुधारण्याच्या सूचना द्याव्या, आणि असें घडवीत-सुधारीत उत्तराजवळ जावें. ही स्थिति कोणत्या सांच्यांत घडवावी, असा प्रश्न आला तेव्हां तज्ज्ञांनीं दप्तरांतून जी रीत बाहेर काढली, ती युनिटरी कपल्ड क्लस्टर! क्वांटम यंत्राची प्रत्येक क्रिया स्वभावतःच शक्यतांची बेरीज कायम राखणारी असते. साध्या यंत्रावर जो त्या रीतीचा दोष होता, तोच नव्या यंत्रावर तिचा गुण ठरला. ज्यांनीं निव्वळ तत्त्वजिज्ञासेनें तिचें मनन केलें, त्यांचें श्रम फुकट गेले नाहींत.

या कथेला एक सावधगिरीची बाजूही आहे, आणि ती रानांतल्या पानाशींच संबंधित आहे. 2007 सालीं एका जंतूच्या प्रकाशग्राही प्रथिनांत ऊर्जेच्या लाटा बराच वेळ एकतालांत राहतात, असें प्रसिद्ध झालें. मग हिरवें पान हाच एक क्वांटम संगणक आहे आणि तें ग्रोवरच्या रीतीसारखी युक्ति योजून ऊर्जेची वाट शोधतें, अशी चर्चा जगभर चालली. रसायनांतून क्वांटम गणनेकडे गेलेल्या बर्कलेच्या बिर्गिटा व्हॅली यांच्यासारख्यांनीं तो दावा गणितानें तपासला, आणि अशा शोधाचा लाभ पानाला मिळत असल्याचें आढळलें नाहीं. पुढें 2017 व 2020 सालच्या निबंधांनीं तर दिसलेल्या लाटांचा मूळ अर्थच बदलला. त्या मुख्यतः अणूंच्या कंपनांच्या निघाल्या. कल्पना मोहक होती. परंतु शास्त्राला मोह पुरत नाहीं.

हीच तराजू क्वांटम संगणकालाही लावली पाहिजे. आज जे क्यूबिट बनतात ते चंचल आहेत. थोड्याशा उष्णतेनें वा धक्क्यानें त्यांचा ताल सुटतो आणि चुका सांचत जातात. म्हणून साध्या संगणकाला खरोखरच न साधणारा एकही उपयुक्त रासायनिक हिशेब या यंत्रानें अद्याप निर्विवादपणें करून दाखविलेला नाहीं. मग एवढा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर आमच्याच शेतांत आहे. धानाच्या बांधींत मागाहून पेरलेल्या लाखोळीच्या मुळांवर ज्या गांठी असतात, त्यांतील जंतु हवेंतील नायट्रोजन साध्या उष्णतामानावर पकडून त्याचें खत करतात. तेंच काम कारखान्यांत करावयाचें तर चारशें अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. त्या जंतूंच्या प्रथिनांत लोहाचे सात, गंधकाचे नऊ, मॉलिब्डेनमचा एक व कार्बनचा एक अशा अणूंचा पुंजका आहे, आणि त्यांतील इलेक्ट्रॉन एकमेकांत असे गुंतलेले आहेत कीं, सरासरी छायेचा अदमास तेथें लंगडा पडतो. 2017 सालीं शास्त्रज्ञांनीं या पुंजक्याचा हिशेब भावी क्वांटम यंत्राला किती वेळांत करतां येईल याचा अंदाज मांडला. तेव्हांपासून तो या विद्येचा एक कसोटीचा दगड बनला आहे.

भारत सरकारनें एप्रिल 2023 मध्यें 6003.65 कोटी रुपयांचें राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलें. यंत्रें मोठ्या शहरांत उभीं राहतील, हें उघड आहे. परंतु रीती रचण्याला कागद, लेखणी, साधा संगणक आणि गणिताची पक्की बैठक एवढेंच प्रथम लागतें. गडचिरोलीस 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना पदवीसाठीं आतां दूरच्या विद्यापीठाचें तोंड पाहावें लागत नाहीं. उणीव आहे ती दुसरीच. आपल्याकडे रसायन घेणारा विद्यार्थी पुष्कळदां वनस्पति व प्राणिशास्त्राच्या गटांत जातो आणि बारावीनंतर, कधीं त्याही आधीं, गणिताचा निरोप घेतो. घरचीं वडील माणसेंही ‘रसायन घेतलें, आतां गणित कशाला?’ असें म्हणून त्याला दुजोरा देतात. वर सांगितलेला इतिहास जर कांहीं शिकवीत असेल, तर तें हें कीं, हा निरोप फार महाग पडतो. ज्याला रेणु कळतो पण गणित कळत नाहीं, तो या वाटेच्या तोंडाशींच थांबतो. ज्याला गणित कळतें पण रेणु कळत नाहीं, त्याला काय विचारावें हेंच सुचत नाहीं. ज्यांनीं ही वाट चोखाळली, त्यांच्याजवळ दोन्ही होतीं.

वाड्यांतील ती काळी तुळई अजून आपल्या जागीं आहे. वाळवी तिला कां शिवत नाहीं, याचें थोडें उत्तर भुशाच्या अर्कानें दिलें, थोडें गणितानें दिलें, आणि कांहीं अजून यावयाचें आहे. तें देणारा मुलगा वा मुलगी आज त्याच तुळईखालीं बसून अभ्यास करीत असेल. त्याच्या हातांतलें गणिताचें पुस्तक आपण काढून घेऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.